डोंगरातून उतरणारे नाताळचे वाजंत्री

नाताळ म्हटला की शहरातल्या माणसाच्या कानांत प्रथम घंटा वाजू लागतात आणि त्यांच्या मागोमाग देवळातील ऑर्गनचा गंभीर स्वर उमटतो. परंतु ज्या इटली देशात रोमन कॅथलिक पंथाचे मुख्य पीठ आहे, त्याच देशाच्या मध्य व दक्षिण भागात नाताळची वर्दी देण्याचा मान परंपरेने घंटेचाही नव्हे आणि ऑर्गनचाही नव्हे. तो मान मेंढीच्या कातड्याचे बिनबाह्यांचे जाकीट घालून डोंगरातून खाली उतरणाऱ्या दोन वाजंत्र्यांचा आहे. त्यांपैकी एकाच्या काखेत वाऱ्याने फुगविलेली चामड्याची पिशवी असते व तिला चार लाकडी नळ्या लोंबत असतात. दुसऱ्याच्या हातात आपल्या सनईची धाकटी बहीण शोभेल असे एक वाद्य असते. पहिल्या वाद्याचे नाव झाम्पोन्या आणि दुसऱ्याचे चारामेला. वाजविणाऱ्यांस त्या बाजूला झाम्पोन्यारी म्हणतात. रोम शहरात त्यांना पिफेरारी असेही नाव होते.

हे वादक कोण, ते नेमके याच दिवसांत का येतात, त्यांच्या पिशवीतून सूर निघतो तो कसा, आणि ज्या शहरांना त्यांच्यावाचून नाताळ अपुरा वाटे त्या शहरांनी त्यांना काय दिले, या चार प्रश्नांची उत्तरे पाहण्यासारखी आहेत. कारण ती पाहताना आपल्याच अंगणातील काही ओळखीच्या माणसांची आठवण झाल्यावाचून राहात नाही.

इटलीचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. त्या लांबट देशाच्या मधोमध आपेनाइन नावाची डोंगराची रांग पाठीच्या कण्याप्रमाणे उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेली आहे. रोमच्या पूर्वेस या रांगेत आब्रुत्सो हा प्रांत, त्याच्या खाली मोलीझे, आणि अलीकडे रोम व नेपल्स यांच्या दरम्यान चोचारिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. चोचारिया हे नाव तेथील लोकांच्या पायताणावरून पडले. चामड्याचा तुकडा तळव्याखाली धरून त्याच्या वाद्या पोटरीपर्यंत गुंडाळावयाच्या, अशा त्या चपलांस चोचे म्हणतात. या मुलुखात शेती तुटपुंजी आणि मेंढपाळी हाच मुख्य धंदा. उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर गवत विपुल. पण हिवाळ्यात तेथे बर्फ पडते. म्हणून शरद ऋतू आला की कळप घेऊन खाली उतरावयाचे, काहींनी पूर्वेकडील पुलियाच्या मैदानात आणि काहींनी रोमच्या भोवतालच्या माळांवर, आणि वैशाखाच्या सुमारास पुन्हा वर चढावयाचे, असा क्रम शेकडो वर्षे चालू होता. नेपल्सचा राजा पहिला आल्फोन्सो याने इ. स. १४४७ मध्ये या स्थलांतरासाठी स्वतंत्र सरकारी खाते काढून मेंढरांवर कर बसविला आणि कळपांच्या वाटा राखून ठेविल्या. त्या मुख्य वाटांची रुंदी सुमारे १११ मीटर होती आणि लाक्विलापासून फोज्जापर्यंत जाणारी सर्वांत प्रसिद्ध वाट २४० किलोमीटरांहून अधिक लांब होती. कळपांच्या या ऋतुस्थलांतरास २०१९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

महाराष्ट्रातील श्रोत्यांस हे चित्र अपरिचित वाटण्याचे कारण नाही. दिवाळी झाली की देशावरील धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात, तेथील खाचरांत मेंढरे बसवून शेतकऱ्यांकडून धान्य घेतात, आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा घाट चढून येतात. धनगराच्या घोंगडीत जशी ओवी असते आणि जत्रेच्या दिवशी जसे त्याचे गजनृत्य असते, तसे आब्रुत्सोच्या मेंढपाळाच्या पडशीत झाम्पोन्या असे. रानात एकट्याने दिवस काढणाऱ्या माणसाला सोबतीस वाद्य लागते. ते वाद्य करावयास लागणारे साहित्यही त्याच्या भोवतीच असते. कातडे कळपातले, लाकूड ऑलिव्हचे वा आलुबुखाराचे, पत्तीसाठी ओढ्याकाठचे नळगवत आणि सूर जुळविण्यास मेण मधाच्या पोळ्यातले. बाजारातून विकत आणावे असे त्यात जवळजवळ काही नाही.

आता हे लोक नाताळातच शहरात का येत, हे पाहू. याची एक बाजू पोटाची आणि दुसरी श्रद्धेची आहे. हिवाळ्यात डोंगरातली कामे थंडावतात, घरात पैसा नसतो. तेव्हा वाद्य काखेत मारून शहराची वाट धरणे हा मिळकतीचा एक मार्ग होता. परंतु शहराने त्यांना दार उघडले ते त्यांच्या दारिद्र्याकडे पाहून नव्हे. बायबलातील लूककृत शुभवर्तमानात अशी कथा आहे की, ख्रिस्ताच्या जन्माची वार्ता देवदूतांनी प्रथम राजांना किंवा पंडितांना दिली नाही, तर रात्री रानात कळप राखीत बसलेल्या मेंढपाळांना दिली, आणि बाळाच्या दर्शनास सर्वांआधी तेच गेले. तेव्हा साक्षात मेंढपाळच डोंगरातून येऊन मातेच्या मूर्तीपुढे वाजवीत उभा राहिला म्हणजे नागरिकांस ती जुनी कथा आपल्या गल्लीत घडत असल्यासारखी वाटे. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो या गावी जिवंत जनावरांसह ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. वसई-मुंबईकडील ख्रिस्ती घरांत नाताळात जो गोठा मांडतात, त्याच्या परंपरेत या प्रसंगाला मोठे स्थान आहे. नेपल्समध्ये अठराव्या शतकात ही गोठे मांडण्याची कला परमोत्कर्षास पोहोचली. आणि त्या मातीच्या व लाकडाच्या शेकडो चित्रांत पिशवीवाला झाम्पोन्यारो व त्याचा सोबती यांची जोडी ठरलेलीच असे. सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाच्या गल्लीत आजही अशी चित्रे करणाऱ्यांची दुकाने आहेत आणि तेथे ही जोडी विकत मिळते.

वादनाचे दिवस ठरलेले असत. कॅथलिक पंथात मोठ्या सणापूर्वी नऊ दिवस रोज प्रार्थना करण्याची चाल आहे. तिला नोवेना म्हणतात. नवरात्र ज्यांच्या घरी बसते त्यांना नऊ दिवसांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. डिसेंबरच्या ८ तारखेस मरियामातेचा सण असतो, त्याच्या आधीचे नऊ दिवस ही पहिली नोवेना. आणि १६ पासून २४ डिसेंबरपर्यंत नाताळची दुसरी. रोम व नेपल्स या शहरांत गल्लोगल्ली भिंतींवर मरियामातेची लहान लहान चित्रे कोनाड्यांत बसविलेली असत व त्यांच्यापुढे तेलाचा दिवा तेवत असे. वाजंत्री जोडी पहाटेपासून या कोनाड्यांपुढून फिरे. प्रत्येकापुढे टोपी काढून उभे राहावयाचे, ठरलेली चाल वाजवावयाची आणि पुढे सरकावयाचे. याखेरीज काही कुटुंबे आपल्या घरातील गोठ्यापुढे नऊही दिवस वादन करण्यासाठी जोडीला बोलावीत आणि नवव्या दिवशी तिचा मोबदला चुकता करीत. आधी ठरविलेल्या घरी खूण म्हणून हाताने कोरलेला लाकडी डाव ठेवून जाण्याची रीत नेपल्सकडे होती असे सांगतात. हा डाव घरात राही आणि त्या वर्षीच्या स्वयंपाकाला उपयोगी पडे. देवाणघेवाणीची ही पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. वाजंत्री येथे हात पसरून आलेला नाही. त्याने काम पत्करले आहे, खूण ठेविली आहे, आणि नऊ दिवस पुरे झाल्यावर तो आपले वेतन घेऊन जातो.

आता वाद्याकडे वळू. वाऱ्यावर वाजणाऱ्या वाद्यांची एक मोठी अडचण ही की, वाजविणाऱ्यास श्वास घ्यावा लागतो आणि श्वास घेतला की सूर तुटतो. ही अडचण निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या रीतीने सोडविली आहे. आपल्याकडील सनईवादक गाल फुगवून त्यांत हवेचा साठा करतो आणि ती हवा गालांनी दाबून सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास आत घेतो. हे साधावयास वर्षानुवर्षे मेहनत लागते. गारुड्याच्या पुंगीतही हीच युक्ती असते; तिच्या भोपळ्यात पत्त्या बसविलेल्या असल्यामुळे ओठांचा त्यांना स्पर्श होत नाही, पण फुंक अखंड ठेवण्याचे काम गालांनाच करावे लागते. झाम्पोन्या करणाऱ्याने ही अडचण वेगळ्या मार्गाने सोडविली. गालांचे काम त्याने शरीराबाहेर काढून एका कातडी पिशवीकडे सोपविले. मेंढीचे किंवा बकऱ्याचे सबंध कातडे सोलून, उलटे करून, त्याची भोके बांधून पिशवी तयार करतात. एका लहान नळीने तीत फुंक मारावयाची. नळीच्या आतल्या तोंडाशी चामड्याची झडप असते, त्यामुळे आत गेलेली हवा परत येत नाही. पिशवी फुगली की ती काखेत धरून कोपराने दाबीत राहावयाचे. वादक श्वास घेण्यासाठी थांबला तरी कोपर थांबत नाही, आणि म्हणून सूरही थांबत नाही.

पिशवीच्या तोंडाशी लाकडाचा एक जाड ठोकळा असतो आणि त्यात चार नळ्या बसविलेल्या असतात. स्कॉटलंडच्या पलटणींचा बॅगपाइप पुष्कळांनी पाहिलेला असेल. हिंदुस्थानातील पलटणींतही तो आला आणि गढवाल-कुमाऊंच्या लग्नांतून मशकबीन या नावाने रूढ झाला. त्यात धृपदासारखा धरून ठेवलेला सूर देणाऱ्या नळ्या खांद्यावर उभ्या असतात आणि चाल वाजविण्याची नळी एकच असते. झाम्पोन्याची रचना निराळी आहे. तिच्या चारही नळ्या एकाच ठोकळ्यातून खाली लोंबतात, आणि त्यांपैकी दोन नळ्यांवर बोटे फिरतात. उजवी नळी उजव्या हाताची, डावी नळी डाव्या हाताची. डावी लांब असते व खर्जातले स्वर देते. उरलेल्या दोन नळ्यांना बोटांची भोके नसतात. त्या एकच आधारस्वर धरून ठेवितात. चारही नळ्यांत नळगवताच्या दुहेरी पत्त्या असतात. तात्पर्य, एकच माणूस एकाच वेळी दोन हातांनी दोन वेगवेगळ्या चाली वाजवितो आणि शिवाय तंबोऱ्याचेही काम करतो.

दुसऱ्या सोबत्याची चारामेला हातभराहूनही लहान असते. तिची नळी वरून खाली रुंद होत जाते, शेवटी कर्ण्यासारखे पसरट तोंड असते आणि वर दुहेरी पत्ती. थोडक्यात, आपल्या सनईचेच कूळ. बहुधा वयस्क माणूस पिशवी सांभाळतो आणि तरुण चारामेला वाजवितो. मध्येच वाद्य ओठांवरून काढून तो गातो. येथे एक मौज ध्यानात घेण्यासारखी आहे. सनईवाल्याप्रमाणे गालांत हवा साठविण्याची सक्ती त्याच्यावर नसते. त्याचा दम संपला की तो थांबतो, तोवर पिशवीचा गजर चालूच असतो. दम आला की तो पुन्हा वरचा स्वर धरतो. त्यामुळे त्या संगीतात एक विशिष्ट भरती-ओहोटी येते. खाली धरून ठेवलेल्या स्वराचा अखंड प्रवाह, आणि त्यावर वरची चाल लाटेसारखी येऊन जाते. आपल्याकडे सनईच्या शेजारी सूर धरणारा जो साथीदार बसतो, त्याची आणि पिशवीची कामगिरी एकच आहे. फरक एवढाच की आपण ती जिवंत गालांवर सोपविली, त्यांनी कातड्यावर.

या वाद्याचा सूर जुळविणे हे मोठे कष्टाचे काम आहे. थंडीत पत्ती आखडते, फुंकेच्या ओलाव्याने ती फुगते, आणि स्वर वरखाली होतो. तेव्हा वादक पत्ती खरवडतो, दोऱ्याने आवळतो, आणि नळीच्या भोकांच्या कडेला मेण लावून भोके हवी तेवढी लहान करितो. दक्षिण हिंदुस्थानात नागस्वराला आधारस्वर देणारे जे ओत्तू नावाचे वाद्य आहे, त्याचीही भोके मेणाने बुजवूनच सूर मिळवितात. हजारो मैलांच्या अंतरावरील दोन कारागिरांना एकच उपाय सुचावा, ही गोष्ट बोलकी आहे. चार नळ्या परस्परांशी जुळल्या, त्या चारामेलाशी जुळल्या, तरच वादन उभे राहते. एक पत्ती बिघडली तर नऊ दिवसांची कमाई गेली. रस्त्यात उभे राहून वाजविणारा माणूस अडाणी असतो अशी नागर लोकांची समजूत असते. पण ज्याला चार पत्त्या एका फुंकेवर नांदविता येतात, त्याच्या कानाला अडाणी म्हणणे धाडसाचे ठरेल.

पिशवीचे वाद्य इटलीत फार प्राचीन आहे. रोमन बादशहा नीरो याने, आपले राज्य टिकले तर विजयोत्सवात आपण स्वतः पिशवीवाद्य वाजवून दाखवू असा नवस केल्याचे सुएटोनियस हा इतिहासकार सांगतो. इ. स. ६८ मध्ये नीरोचा अंत झाला व तो नवस तसाच राहिला. बादशहाच्या हातून जे झाले नाही, ते मेंढपाळांनी पुढची अनेक शतके अखंड केले.

त्यांच्या चालीचे वजन आपल्या दादऱ्याच्या जवळचे असते: तीन-तीन मात्रांचे झुलते गट, पाळण्याच्या हेलकाव्यासारखे. बाळजन्माच्या सणाला पाळण्याची लय शोभावी यात नवल नाही. पण ही लय केवळ गल्लीत राहिली नाही. ती युरोपातील थोरथोर संगीतकारांच्या लेखणीत जाऊन बसली. रोममध्ये राहणारा व्हायोलिनवादक आर्कांजेलो कोरेल्ली याच्या मृत्यूनंतर १७१४ मध्ये त्याच्या बारा रचनांचा जो संग्रह प्रसिद्ध झाला, त्यातील आठवी नाताळच्या रात्रीसाठी केलेली आहे. तिच्या शेवटी मेंढपाळी थाटाचा एक भाग जोडलेला असून तो वाजविणे ऐच्छिक ठेविले आहे. जर्मन संगीतकार हेंडेल हा १७०६ ते १७१० या काळात इटलीत होता. पुढे १७४१ मध्ये लंडनमध्ये त्याने ‘मसाया’ हे संगीतकाव्य सुमारे साडेतीन आठवड्यांत लिहून पुरे केले आणि १७४२ च्या एप्रिलमध्ये डब्लिन येथे ते प्रथम सादर झाले. त्यात मेंढपाळांना देवदूतांची वार्ता कळण्याच्या अगोदर केवळ वाद्यांचा एक लहान तुकडा आहे. त्याला हेंडेलने ‘पीफा’ असे नाव दिले. हे नाव रोममधील पिफेरारी वाजंत्र्यांची आठवण करून देणारे आहे. त्या तुकड्यात खाली धरून ठेविलेले स्वर आणि वर तिनाच्या गटांनी झुलणारी चाल ऐकू येते. म्हणजे पिशवी आणि चारामेला या दोघांची कामे व्हायोलिनांच्या ताफ्याने वाटून घेतली आहेत. बाखच्या १७३४ च्या नाताळच्या संगीतातही मेंढपाळांचा प्रवेश असाच झुलत्या लयीत होतो, आणि तेथे मेंढपाळांचे काम ओबो या वाद्याला, म्हणजे सनईच्याच आणखी एका नातेवाइकाला, दिलेले आहे. नेपल्सचे धर्मगुरू आल्फोन्सो दे लिगुओरी यांनी १७५४ मध्ये रचलेले नाताळगीत तर या वाजंत्र्यांच्याच थाटाचे आहे. ते इटलीभर सर्वतोमुखी झाले आणि आजचे झाम्पोन्यारी तेच अधिक वाजवितात. गल्लीतून विद्वानांकडे गेलेली लय विद्वानाच्या गीतातून पुन्हा गल्लीत आली, असा हा प्रवास आहे.

फ्रेंच संगीतकार बेर्लिओझ हा १८३१-३२ मध्ये सरकारी पारितोषिकावर इटलीत राहिला होता. रोमच्या एकंदर संगीतावर तो फारसा खूश नव्हता. मात्र या डोंगरी वादकांनी त्याच्या मनाचा ठाव घेतला. रोमच्या रस्त्यात त्यांचे वादन त्याला उल्लेखनीय वाटले. पण पुढे आब्रुत्सोच्या डोंगरांत भटकताना त्याच लोकांना त्यांच्या मूळ जागी ऐकले तेव्हा तो परिणाम कितीतरी गहिरा होता, असे त्याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. १८३४ च्या त्याच्या ‘हॅरल्ड इटलीत’ या रचनेतील तिसरा भाग हा त्याच अनुभवाचा ठसा होय. स्कॉटिश चित्रकार डेव्हिड विल्की याने १८२७ मध्ये या वाजंत्र्यांचे चित्र काढले व ते इंग्लंडच्या राजसंग्रहात गेले.

येथपर्यंतची हकिकत ऐकण्यास गोड आहे. परंतु तिला एक कडू बाजूही आहे. चित्रात आणि स्वरलिपीत मेंढपाळाला मानाचे पान मिळाले. प्रत्यक्ष मेंढपाळाच्या ताटात मात्र फारसे काही पडले नाही. कोरेल्ली, हेंडेल, बेर्लिओझ ही नावे जगाला ठाऊक आहेत. ज्यांच्याकडून त्यांनी ती लय उचलली त्यांपैकी एकाचेही नाव त्यांच्या पोथ्यांत नाही. एकोणिसाव्या शतकात डोंगरातील दारिद्र्य वाढत गेले तसे हे लोक केवळ नाताळापुरते नव्हे, तर बारमाही आणि रोमपुरते नव्हे, तर पॅरिस व लंडनपर्यंत जाऊ लागले. चोचारियाकडील कोमिनो खोऱ्यातील कितीतरी माणसे अशी बाहेर पडली. त्यांतूनच मुलांचा व्यापार सुरू झाला. एखादा मुकादम गावात येई, गरीब बापाशी दोन-तीन वर्षांचा करार करी, आणि त्याच्या मुलाला परदेशी नेऊन रस्त्यात वाजवावयास लावी. रात्री ठरलेली रक्कम आणली नाही तर मुलाला मार पडे. अखेर इटलीच्या संसदेने १८७३ च्या डिसेंबरात कायदा करून अल्पवयीन मुलांना अशा फिरत्या धंद्यांत लावण्यास बंदी केली. नाताळच्याच महिन्यात हा कायदा व्हावा हा योगायोग. पण ज्या सणात बाळाची पूजा होते त्या सणाच्या वाजंत्र्यांच्या मुलांना कायद्याचे छत्र त्याच महिन्यात लाभले, ही गोष्ट मनात राहते.

तिकडे लंडनमध्ये शहरवासीयांची तक्रार निराळीच होती. गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्यासारखे विद्वान रस्त्यातील वादकांच्या आवाजाने काम होत नाही म्हणून वर्षानुवर्षे झगडत होते, आणि पार्लमेंटचे सभासद मायकेल बास यांच्या खटपटीने १८६४ मध्ये तेथे रस्त्यातील संगीताचा कायदा झाला. आजारपण, कामातील व्यत्यय किंवा असेच दुसरे योग्य कारण सांगून घरमालकाने वादकाला दूर जावयास सांगितले तर त्याला जावेच लागे. बॅबेज यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे म्हणता येणार नाही. आजाऱ्याच्या खिडकीखाली वाजवू नये हे कोणीही मान्य करील. परंतु दोन्ही कायदे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक भेद स्पष्ट होतो. लंडनच्या कायद्याने ऐकणाऱ्याच्या कानांचे रक्षण केले, इटलीच्या कायद्याने वाजविणाऱ्या मुलाच्या जिवाचे. समाजाला दोन्ही लागतात. मात्र पहिल्याची मागणी करणारे पुष्कळ भेटतात आणि दुसऱ्याची करणारे थोडे.

विसाव्या शतकात या परंपरेवर आणखी एक संकट आले, आणि ते कायद्याहून कठीण होते. डोंगरातील गावेच ओस पडू लागली. लोक उत्तरेकडील कारखान्यांत आणि समुद्रापलीकडे अमेरिकेत गेले. कळप मालमोटारीतून जाऊ लागले. आणि ध्वनिमुद्रिकेमुळे तेच गीत बटण दाबताच दुकानात ऐकू येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात झाम्पोन्या बनविणारे हात मोजकेच उरले. तरीही ही परंपरा मेली नाही. मोलीझेमधील स्कापोली हे लहानसे डोंगरी गाव वाद्ये बनविणाऱ्यांचे गाव म्हणून टिकून राहिले. तेथे झाम्पोन्याचे संग्रहालय आहे आणि उन्हाळ्यात वादकांचा मेळा भरविण्याची प्रथा पडली. १९७० नंतर लोकसंगीताविषयी नवी जाणीव झालेल्या तरुणांनी म्हाताऱ्या मेंढपाळांच्या पायाशी बसून ही विद्या उचलली. आज नाताळात रोम-नेपल्सच्या चौकात जी जोडी दिसते, तिच्यातील वादक शिक्षक असेल, कारागीर असेल किंवा मेंढपाळाचा नातू असेल. कदाचित ती मुलगीही असेल. काही पिशव्या आता कातड्याऐवजी रबराच्या किंवा कृत्रिम कापडाच्या असतात आणि वरून शोभेसाठी लोकर चढविलेली असते. सूर मात्र अजून पत्तीतूनच निघतो आणि पत्ती अजून नळगवताचीच कापली जाते.

हे सारे दूरदेशीचे म्हणून ऐकून सोडून देता येईल. पण तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्याकडेही पहाटे मोरपिसांची टोपी घालून चिपळ्या वाजवीत वासुदेव येई. आपल्याही लग्नात सनई-चौघड्यावाचून मंगल होत नसे, आणि तरी त्या सनईवाल्याची बैठक मांडवाच्या कडेला व त्याचे पान बहुधा शेवटच्या पंगतीला असे. जे वाद्य मंगल, ते वाजविणारा मात्र बाहेरचा, हा विरोध इटलीत होता तसाच येथेही होता. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी शहनाई मैफलीच्या मध्यभागी आणून बसविली आणि २००१ मध्ये त्यांस भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. एका वाद्याचे भाग्य त्यामुळे उजळले. पण एका उस्तादाच्या सन्मानाने गावोगावच्या वाजंत्र्यांचा प्रश्न सुटत नाही. आज कार्यालयाच्या दारात ध्वनिवर्धकावर मुद्रित सनई लावली की काम भागते. ती चुकत नाही, दमत नाही, आणि तिला जेवू घालावे लागत नाही. परंतु ती पुढच्या पिढीला काही शिकवीतही नाही. वादक उपाशी राहिला की मुलगा वाद्य हाती घेत नाही. मग पत्ती कशी कापावी, मेण कोठे लावावे, गालांत वारा कसा धरावा, हे ज्ञान एका माणसाबरोबर संपते. ते मुद्रिकेवर उतरविता येत नाही.

म्हणून नेपल्सच्या त्या लाकडी डावाची गोष्ट उपयुक्त वाटते. तेथील गृहिणीने वाजंत्र्याची महती गाइली नाही किंवा त्याच्या गरिबीची कीव केली नाही. तिने त्याला आधी ठरविले, नऊ दिवस घरात घेतले, गोठ्यापुढे मुलांना बसवून ऐकविले, आणि नवव्या दिवशी त्याचा हिशेब चुकता केला. कला टिकते ती अशाच हिशेबाने. एखाद्या घरी लग्न असेल, मुंज असेल, घरभरणी असेल, किंवा एखाद्या ख्रिस्ती घरात गोठ्यापुढे गाणे व्हावयाचे असेल, तर मुद्रिका लावण्यापूर्वी आपल्याच गावातील वाजविणारा कोण आहे याची चौकशी करावी. त्याला वेळेवर सांगावे, जवळ बसवावे, आणि जे ठरले असेल ते त्याच दिवशी त्याच्या हातावर ठेवावे. घरातील मुलांना त्याच्या बोटांकडे जवळून पाहू द्यावे. पत्ती ओली करून तो सूर जुळवू लागला म्हणजे तेवढा वेळ कोणी घाई करू नये. कारण वाद्य त्याच वेळी शिकावयास मिळते.